फुटलेला पाइप प्लंबरला नेऊ देऊ नका

प्रश्न : आम्ही आठ दिवस परगावी होतो. परतलो तेव्हा घरात घोटाभर पाणी होतं. वरच्या फ्लॅटमधल्या गिझरचा कनेक्शन पाइप फुटला होता. वर भाडेकरू राहतात. ते म्हणतात, पाइप जुनाट आहे, मालकांना विचारा. मालक म्हणतात, भाडेकरू कॉक बंद न करता बाहेर गेले. सोसायटीचे सचिव म्हणतात, तुमचं तुम्ही मिटवा. मालक छताला रंग लावून द्यायला तयार आहेत, पण 'यापुढे आमची काही मागणी नाही' असं लिहून मागतात. सही करू का? आणि सोसायटी काही करत नसेल तर मेंटेनन्स थांबवू का?

उत्तर : सही आत्ता करू नका. मेंटेनन्स तर मुळीच थांबवू नका. तुमची तक्रार कितीही खरी असली तरी थकबाकी ती थकबाकीच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 154ब-29 खाली सोसायटी वसुली दाखला (थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा आदेश) मिळवू शकते, आणि मग नुकसान सोसलेला माणूस तुम्ही न राहता थकबाकीदार तुम्ही होता.

पैसे कोणी द्यायचे हे पाणी कशामुळे आलं यावर ठरतं, आणि त्याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे तो फुटलेला पाइप. प्लंबर नवा पाइप बसवतो आणि जुना सवयीने घेऊन जातो किंवा कचऱ्यात टाकतो. तो आजच मागून घ्या. मालक, भाडेकरू आणि सचिव यांच्या समक्ष पिशवीत सीलबंद करा, वर तारीख घालून सह्या घ्या. कोणी सही नाकारली तर तसं लिहून ठेवा. या पाइपांना बाहेरून स्टीलच्या तारेची जाळी असते, आत रबर. जाळी गंजून तुटली असेल, रबर कडक होऊन भेगाळलं असेल, तर ते वयाचं लक्षण. तिथे मालकाची जबाबदारी पुढे येते. नट जास्त आवळल्याने चिरला असेल आणि गिझर भाडेकरूंनी स्वतः बसवला असेल, तर बोट त्यांच्याकडे वळतं. पाइप जुना असणं आणि घर सोडताना कॉक उघडा राहणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणूनच दोघांपैकी एकाची निवड तुम्ही करू नका, नोटीस दोघांनाही द्या. लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत सोसायटीकडे असते. किरकोळ दुरुस्ती कोणाकडे, हे त्यात बहुधा लिहिलेलं असतं.

सचिवांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, गच्ची, सामाईक जलवाहिनी, ड्रेनेज यांतून होणारी गळती सोसायटीने स्वखर्चाने काढायची असते. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची. गिझरचा पाइप आतला, म्हणून भरपाई सोसायटीकडून मिळणार नाही. फूट सामाईक डाउनटेक लाइनवर (गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर) असती तर उत्तर उलटं झालं असतं. पण पूर्वसूचना देऊन वरच्या फ्लॅटची पाहणी करणं हे सचिवांच्या अधिकारात येतं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पाहणीचा लेखी अहवाल मागा. तिऱ्हाइताने वेळेवर लिहिलेला असा कागद पुढे तुमच्या दहा फोटोंपेक्षा वजनदार ठरतो.

फोटोंचंही एक आहे. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे फोटो-व्हिडिओ न्यायालयात दाखल करताना सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथेच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीतून तारीख-वेळेची माहिती सहसा गळून पडते.

पुरावा राहावा म्हणून घर ओलं मात्र ठेवू नका. नुकसान वाढू न देणं हे नुकसान सोसणाऱ्याचंही काम आहे, आणि ते टाळलं तर वाढलेला भाग भरपाईतून कापला जातो. आधी चित्रण, मग सुकवणं. फुगलेल्या प्लायवूडचा एखादा तुकडा जपून ठेवा. वायरिंग तपासून परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा लेखी अहवाल घ्या. टीव्ही, फ्रिज यांच्यासाठी सर्व्हिस सेंटरकडून सीरियल नंबरासह 'पाणी शिरल्याने बिघाड' असं लिहून घ्या. मागणीत वस्तूची नवी किंमत लावू नका. वय वजा करून आजची किंमत लावलेला तक्ता टिकतो, फुगवलेला तक्ता सगळ्या दाव्यावर संशय आणतो.

गृहकर्ज असेल तर कागदांची फाइल उघडून बघा. कर्जासोबत अनेकदा घराचा विमा उतरवलेला असतो आणि घरच्यांना ते ठाऊकही नसतं. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पाण्याची टाकी, उपकरणं किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान येतं. पॉलिसी इमारतीपुरती आहे की सामानाचीही, तेवढं वाचा आणि कंपनीला ताबडतोब कळवा. सही करू नका म्हणण्याचं मोठं कारण इथेच आहे. कंपनीने तुम्हाला पैसे दिले की वसुलीचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क तुम्ही आधीच मालकांना सोडून दिलात, तर कंपनी तुमचा दावा अडवू शकते.

नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा, 15 दिवसांची मुदत द्या. त्यात कारण, नुकसानीचा तक्ता आणि पाइप सीलबंद असल्याचा उल्लेख हवा. तरीही हालचाल झाली नाही तर रक्कम बेताची असताना थेट दाव्याकडे धावू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. तसं जमलं नाही तर मालक सभासद असल्याने दुरुस्तीचा वाद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात नेता येतो. भाडेकरू सभासद नाहीत; चूक मुख्यतः त्यांचीच निघाली तर वाट सहसा दिवाणी न्यायालयाची. भरपाईच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते.

आता पुन्हा मालकांच्या कागदाकडे. तडजोड वाईट नाही, तिची वेळ चुकते आहे. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहतं. ओल्या गिलाव्यावर लावलेला रंग फुगून सोलवटतो आणि तोवर तुम्ही सही करून बसलेले असता. ओल पूर्ण सुकल्यावर, विमा कंपनीशी लेखी बोलणं झाल्यावरच करार करा. त्यात गिलावा, पुट्टी, रंग अशी कामं वेगवेगळी लिहा, रक्कम आणि तारीख घाला, आणि 'काही मागणी नाही' याऐवजी 'अमुक तारखेच्या घटनेतील, सोबतच्या यादीपुरती मागणी मिटली' असे शब्द घाला. सही रक्कम खात्यात जमा झाल्यावर.