जिथे चूक जिवावर बेतू शकते, तिथे सी, अडा की रस्ट?

तुम्ही विचारलंय की व्हेंटिलेटरच्या कंट्रोलरसाठी टीमला येते म्हणून सी ही प्रोग्रामिंगची भाषाच वापरावी, की अडा किंवा रस्ट यांपैकी दुसरी भाषा शिकून घ्यावी. हाताशी सहा महिने असतील तर अडा शिका, आणि स्पार्क या तिच्या उपभाषेपर्यंत जा. मी स्वतः पंधरा वर्षं एम्बेडेड सी, म्हणजे यंत्रांच्या आतल्या चिपसाठी सी, लिहितोय, म्हणूनच हे सांगतोय.

एका कामात व्हॉल्व्ह उघडून २ सेकंदांनी बंद करायचा होता. मिलिसेकंद मोजणारा काउंटर १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ नंतर पुन्हा शून्य. अट साधी: आत्ताची वेळ 'सुरुवात अधिक २०००' च्या पुढे गेली की बंद कर. जुन्या १६ बिटी चिपवर हे वर्षानुवर्षं चाललं. मग ३२ बिटी चिप आली. तोच कोड एकही वॉर्निंग न देता कंपाइल झाला, म्हणजे चिपला कळणाऱ्या रूपात बदलला गेला, आणि टेस्ट बेंचवर एकदा व्हॉल्व्ह उघडला तो उघडाच राहिला. त्या वेळी सुरुवात ६४,००० वर झाली होती. बेरीज आली ६६,०००, आणि काउंटर तिथवर कधी पोचतच नाही. जुन्या चिपवर हीच बेरीज फिरून ४६४ व्हायची, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या बंद व्हायचा. म्हणजे चूक तिथेही होती, फक्त कुणाच्या नजरेत आली नव्हती. दोन्हीकडे कंपायलर सीच्या नियमांप्रमाणेच वागला, कारण इंट, म्हणजे साधा पूर्णांक, किती बिटांचा हे सी चिपवर सोडते. मिस्राचे (सुरक्षित सी लिहिण्याचे) नियम आणि स्टॅटिक अ‍ॅनॅलिसिस (कोड न चालवता केलेली तपासणी) लावून अशा पुष्कळ जागा सापडतात, पण सगळ्या नाही.

अडामध्ये प्रत्येक राशीची मर्यादा तुम्ही जाहीर करू शकता, आणि ती ओलांडली की प्रोग्राम तिथल्या तिथे एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, देतो. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ४ जून १९९६ ला एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण सुमारे ४० सेकंदांत संपलं, आणि तो कोड अडातच होता. आधीच्या एरियान ४ मधून उचललेल्या त्या कोडमध्ये ६४ बिटांची आडव्या वेगाशी निगडित एक राशी १६ बिटांत बसवली जात होती. अशा सात राशींपैकी चारच सुरक्षित केल्या होत्या, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, आकडा मावेना, एक्सेप्शन आलं. एक्सेप्शन आलं की प्रोसेसर थांबवायचा, असं डिझाइनमध्येच ठरलेलं. राखीव यंत्रणेतही तोच कोड, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. आणि हे सगळं ज्या गणितासाठी, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

अडाने चूक पकडली, पण हवेत. तुमच्या रुग्णाला ती तेव्हा कळून काय उपयोग? म्हणून स्पार्क. त्यात मर्यादा ओलांडली जाणारच नाही हे कोड चालवण्याआधी सिद्ध करता येतं. सिद्ध होत नसेल तर टूल नेमकी ती ओळ दाखवतं.

रस्ट मला आवडते. मेमरीच्या बहुतेक चुका ती कंपाइल होतानाच अडवते, आणि २०२३ मध्ये फेरोसीन हा तिचा कंपायलर मोटारींच्या आयएसओ २६२६२ या सुरक्षा मानकासाठी पात्रही ठरला. पण रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे वापरासाठी द्यायच्या अंतिम प्रोग्राममध्ये, पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर तो मुकाट्याने फिरून येतो, तपासणी तुम्हाला मुद्दाम चालू करावी लागते.

सगळं प्रॉडक्ट एकदम बदलायची गरज नाही. श्वासाचा दाब आणि वेळ ठरवणारा भाग स्पार्कमध्ये लिहा, स्क्रीन वगैरे सीमध्ये राहू द्या; दोन्ही एकत्र जोडता येतात. चिप कोणती आहे ते कळवा, तिच्यासाठी अडाचा कंपायलर मिळतो का हे आधी बघावं लागेल.