पार्थ बोलत नाही, पण दाखवतो का?

गोव्यातल्या डिचोलीहून आलेल्या एका आईचा प्रश्न असा होता (नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत): "पार्थ २६ महिन्यांचा झाला. अजून बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही, पण मोबाईलवर गाणं लागलं की आतल्या खोलीतून धावत येतो, म्हणजे कान ठीक असणार. एबीसीडी तर अख्खी म्हणतो. घरात कोकणी, आमची मराठी, मोबाईलवर इंग्लिश, त्यामुळे गोंधळला असेल का? सासूबाई म्हणतात, 'ताचो बापूय लेगीत उसरांच उलयलो' (त्याचा बापसुद्धा उशिराच बोलला). थांबू की डॉक्टरांना दाखवू?"

असे प्रश्न येतात तेव्हा घरच्यांनी बहुतेक वेळा शब्द मोजलेले असतात. पण वर्षा-सव्वा वर्षाचं मूल शब्द नसतानाही बरंच काही सांगतं. अंगणात कावळा उतरला की त्याच्याकडे बोट करतं, मग आईच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा कावळ्याकडे. त्याला कावळा नको असतो, आईनेही तो बघावा एवढंच हवं असतं. ज्याला फक्त बोलायला उशीर होतो, त्या मुलाकडेही हे दाखवण्याचं बोट असतं. ते मूल खुणा करतं, ओढत नेतं, नक्कल करतं, बाहुलीला खोटं खोटं भरवतं, सांगितलेलं समजतं. शब्दांबरोबर हेही नसेल तर थांबण्यात अर्थ नाही, कारण ते ऑटिझमचं लक्षण असू शकतं. ऑटिझम म्हणजे संवाद साधणं आणि लोकांत मिसळणं ज्यात वेगळ्या तऱ्हेने वाढतं, अशी मेंदूच्या विकासातली स्थिती.

म्हणून पार्थच्या आईला आधी विचारलं, त्याला पाणी हवं असलं की तो काय करतो? तो तिचं मनगट धरतो, हात फ्रीजच्या दांड्यावर नेऊन ठेवतो, तोंडाकडे बघत नाही. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला? घुमटाच्या (मातीच्या वाद्याच्या) ठेक्यावरची आरती सुरू झाली की कानांवर हात घेऊन मागच्या खोलीत. पाहुण्यांची पोरं अंगणात खेळत होती, तेव्हा हा सुपाऱ्यांची ओळ लावत बसला होता. एक सुपारी कुणी हलवली की आकांत. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुठल्याही मुलात दिसेल. इथे सगळ्या एकत्र होत्या, शिवाय बोट नव्हतं, हाकेला ओ नव्हती.

एबीसीडीने आईबाप फसतात. पार्थ ती कुणाला उद्देशून म्हणत नव्हता, आणि त्यातलं एकही अक्षर त्याला पाणी मागायला उपयोगी पडत नव्हतं. पाठ झालेला आवाज आणि संवाद यांत हा फरक आहे.

भाषांचं उत्तर सोपं आहे: दोन-तीन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही. गोव्यातली कितीतरी मुलं त्यातच वाढतात. "एकच भाषा ठेवा" या सल्ल्यापायी आजीने कोकणी सोडून तुटक इंग्रजीत बोलायला लागायचं, यात मुलाचं नुकसानच आहे.

कानांचं मात्र इतकं सोपं नाही. गाण्याला धावणारं मूल बहिरं नसेल, पण काही पट्ट्यांतलं ऐकू कमी येत असेल तरी त्याला ठेका आणि चाल कळते, 'स', 'त', 'क' हे बारीक आवाज निसटतात. म्हणून श्रवण तपासणी आधी. दोन वर्षांच्या मुलाची 'बेरा' चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, हे बघणारी) बहुधा झोपेत करतात आणि ती वाया जाते ती गाडीत. डिचोलीहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचेपर्यंत मूल मस्त झोप काढतं आणि तिथे टक्क जागं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, वाटेत जागं ठेवायला एक जण मागच्या सीटवर हवाच. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं ते आधी विचारून घ्या.

चाळणीसाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची यादी वापरली, ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. ० ते २ गुण म्हणजे धोका कमी, ३ ते ७ आले तर पुढची सविस्तर मुलाखत, ८ किंवा जास्त असतील तर थेट तज्ज्ञाकडे. उत्तरं देताना प्रेम आडवं येतं. "बोट दाखवतो का?" यावर पार्थच्या बाबांनी "हो" लिहिलं होतं, कारण जत्रेत एकदा दाखवलं होतं. क्वचित कधी केलेल्या गोष्टीचं उत्तर "नाही" असंच द्यायचं. ते उत्तर दुरुस्त झाल्यावर गुण ७ चे ८ झाले. ही यादी फक्त चाळणी आहे, निदान नाही.

निदानासाठी रक्ताची तपासणी किंवा एमआरआय लागत नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुलाला खेळताना बघून आणि आईवडिलांशी बोलून ते करतात. सरकारी वाट अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रातून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डीईआयसी (विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या जिल्हा) केंद्राकडे जाते. अनोळखी खोलीत मूल रडतं आणि काहीच दिसत नाही, म्हणून दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्यावेत: एकटं खेळताना, जेवताना, आणि मागून नावाने हाक मारताना. हाक तीन-चारदा, हातात मोबाईल नसताना. फक्त आदळआपटीचे व्हिडिओ नेऊ नका. जमलं तर पहिल्या वाढदिवसाचाही न्या, आधी असलेले शब्द किंवा हसणं गेलं का ते त्यात कळतं. असलेले शब्द गेले असतील तर वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.

"आधी सहा महिने मोबाईल बंद करून बघू" असं पार्थच्या काकांचं मत होतं. मोबाईल बंद कराच, पण त्यापायी तपासणीची तारीख लांबवू नका. मोबाईलमुळे होतो म्हणतात तो 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे वैद्यकीय निदान नाही. स्टेम सेलच्या जाहिरातींवर तर घर गहाण टाकू नका, ऑटिझमवर त्या उपचाराला मान्यता नाही.

तारीख मिळेपर्यंतचे आठवडे रिकामे जायला नकोत. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेचा सहभाग असलेला, गोवा आणि रावळपिंडीत झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून सुधारणा सुचवल्या. आईवडील मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. पार्थच्या घरी हे काम आजीकडे गेलं. पेजेची वाटी समोर, एक चमचा भरवायचा, थांबायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं. "आनीक जाय?" (आणखी हवं?) एवढे दोनच शब्द. तो बघेल, हात पुढे करेल, आवाज काढेल, काहीही केलं तरी लगेच दुसरा चमचा. पहिल्या दिवशी आजींनी दोनपर्यंतच मोजलं, उपाशी राहील म्हणून.

निदान २९व्या महिन्यात झालं: ऑटिझम, सोबत भाषेचा उशीर, ऐकणं ठीक. आजींना दाखल्याची धास्ती होती, "कागद झालो म्हणजे जल्मभर". निदान आणि अपंगत्व प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची आयसा (ऑटिझमची तीव्रता मोजणारी भारतीय) चाचणी होते आणि सवलती हव्या असतील तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढता येतं. थेरपी सुरू करायला यांपैकी काहीच लागत नाही.

पार्थने पहिलं बोट दाखवलं ते बंद पंख्याकडे. आजींनी धावत जाऊन पंखा लावला. हे मागण्याचं बोट. कावळा दाखवण्याचं अजून यायचं आहे.