नान्नजचे अभयारण्य असूनही माळढोक पक्षी तेथून जवळजवळ नाहीसा का झाला, आणि आता तेथे जपण्यासारखे काय उरले आहे?

सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतील हे अभयारण्य 1979 साली घोषित झाले, तेव्हा त्याची कागदावरील व्याप्ती सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होती. तीत शेतजमिनी आणि गावेही आली, आणि जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध बसल्याने ज्या शेतकऱ्यांच्या सहकार्यावाचून हा पक्षी वाचणेच शक्य नव्हते, तेच दुखावले गेले. पुढे ते क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले.

खरे संकट मात्र अधिवासाचे होते. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, त्यामुळे मोकाट कुत्र्यांचा उपद्रव त्याला परवडत नाही. शिवाय जड शरीर आणि समोरचे कमी दिसणारी नजर यांमुळे तो विजेच्या तारांवर आदळतो. ‘पडीक’ समजून माळरानावर गिरिपुष्पासारखी झाडे लावणे हे तर माझ्या मते संवर्धनाच्या नावाखाली झालेले नुकसानच होय, कारण या पक्ष्याला मोकळे गवताळ रान लागते.

त्याच माळावर काळवीट, लांडगा, खोकड आणि धाविक, चंडोल यांसारखे पक्षी आजही राहतात. त्यांना जपायचे तर माळावर लावलेली झाडे हळूहळू काढणे, मारवेल व पवन्यासारखी स्थानिक गवते वाढू देणे, विणीच्या काळात चराई मर्यादित ठेवणे आणि लांडग्याने मारलेल्या शेळ्या-मेंढ्यांची भरपाई वेळेवर देणे ही कामे आधी व्हायला हवीत. राजस्थानात जैसलमेरजवळ माळढोकांचे बंदिस्त जागेत प्रजनन सुरू आहे; परंतु तेथील पक्षी इकडे आणण्याचा विचार माळ पूर्ववत झाल्यानंतरच करता येईल.