बागेत धातूची शिल्पे लावायची असतील तर कोणता धातू निवडावा, ती कुठे ठेवावीत आणि जुन्या लोखंडी सामानातून ती स्वतः बनवता येतील का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: उघड्यावर कोणता धातू टिकतो, शिल्प बागेत नेमके कुठे उभे करावे, आणि जुन्या लोखंडी सामानातून स्वतः काही बनवता येईल का. मी धातूकाम करतो आणि त्यातले बरेचसे काम ऊनपावसात उभे राहणारे असते, म्हणून धातूंविषयी मी पुढे सविस्तर लिहिलेच आहे. पण सुरुवात जागेपासून करतो. बहुतेक जण आधी शिल्प पसंत करतात, ते घरी आणतात आणि मग त्याला कुठे सामावून घेता येईल हे शोधत बागेत फिरतात. जागा आधी ठरवली तर धातू, उंची, आकार आणि रंग यांबाबतचे निम्म्याहून अधिक निर्णय आपोआप होतात, कारण पाणी, वारा, ऊन आणि मागची हिरवाई या चारही गोष्टी त्या जागेबरोबर येतात.

बागेकडे तुम्ही सर्वांत जास्त वेळ कुठून पाहता, हे प्रथम लक्षात घ्या. ते ठिकाण बहुधा घरातली एखादी खिडकी, व्हरांडा किंवा फाटकापासून दारापर्यंतची वाट असते. त्या ठिकाणी उभे राहून किंवा बसून नजर जिथे सहज जाऊन थांबते, ती शिल्पाची जागा. वाटेच्या वळणापलीकडे अर्धवट दिसणारे शिल्प पाहणाऱ्याला पुढे चालायला लावते. हिरवळीच्या मधोमध ठेवलेले शिल्प मात्र एका दृष्टिक्षेपात संपते, शिवाय गवत कापणाऱ्या यंत्राचे धक्केही त्यालाच बसतात. एका नजरेत एकच शिल्प दिसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या बागेत पाच-सहा धातूचे पक्षी, दोन कासवे आणि एक सूर्य एकदम दिसू लागले की ती बाग न राहता प्रदर्शनाचा मंडप होते.

मागे काय आहे, याला समोर काय आहे यापेक्षा अधिक महत्त्व आहे. सळया किंवा तारा वाकवून केलेले रेषात्मक शिल्प बारीक पानांच्या झुडपापुढे ठेवले तर ते दिसेनासे होते. त्याला मागे साधी भिंत, दाट कापलेले कुंपण किंवा मोकळे आकाश हवे. भरीव, ठोकळ आकार मात्र गुंतागुंतीच्या हिरवाईपुढेही ठसठशीत राहतात. गंजाचा नारिंगी-तपकिरी रंग हिरव्याच्या शेजारी उठून दिसतो, पण विटांच्या भिंतीपुढे तो मरतो. आरशासारखे चकचकीत स्टेनलेस स्टील समोर जे असेल ते दाखवते, म्हणून त्याच्यासमोर वाळत घातलेले कपडे किंवा पाण्याची टाकी नाही ना, हे पाहून घ्यावे. तसेच चकचकीत पृष्ठभाग आत वळलेला, म्हणजे अंतर्वक्र, असेल तर तो सूर्यकिरण एका बिंदूत आणून समोरची पाने करपवू शकतो आणि कोरडे गवत पेटवूही शकतो.

जागेची परीक्षा करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पुठ्ठा आणि बांबू. शिल्पाच्या अंदाजे उंची-रुंदीचा सांगाडा बांधून तो काही दिवस तिथे उभा ठेवा, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहा. उघड्यावर वस्तू आपल्या अंदाजापेक्षा लहान दिसतात, त्यामुळे खोलीत भारदस्त वाटलेले दोन फुटांचे शिल्प झाडांखाली हरवून जाते. अशा वेळी शिल्प बदलण्याऐवजी चौथरा उंच केला तरी भागते. आसपासची झाडे तीन वर्षांनी किती वाढतील, हेही याच वेळी मनात धरावे. झाडे आणि शिल्पे यांचा विचार एकत्र केल्याने काय साधते, हे पाहायचे असेल तर इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज या गावातील शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांच्या बागेची छायाचित्रे पाहावीत. त्या तिथे १९४९ पासून १९७५ मध्ये निधन होईपर्यंत काम करत होत्या. बागेतल्या ब्राँझ शिल्पांच्या जागा त्यांनी स्वतः ठरवल्या होत्या, आणि शिल्पांतल्या पोकळ्यांमधून पलीकडची पाने दिसावीत अशी ती योजना आहे.

आता धातू. उघड्यावरचा कोणताही धातू बदलतो. तो बदल तुम्हाला कितपत चालेल, यावर निवड करावी. बदल मुळीच नको असेल तर स्टेनलेस स्टील घ्या. त्यातही ३०४ आणि ३१६ हे दोन प्रकार नेहमी मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला असल्यामुळे ते खाऱ्या हवेत अधिक टिकते. समुद्राजवळच्या बागेत ३०४ वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. स्टेनलेसचे काम साध्या लोखंडावर वापरलेल्या घासणीने किंवा ग्राइंडरच्या चाकाने केले असेल तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि ‘न गंजणाऱ्या’ शिल्पावर गंजाचे ठिपके उमटतात. कारागिराकडे स्टेनलेससाठी वेगळी हत्यारे आहेत का, एवढे विचारले तरी त्याच्या कामाची पारख होते.

बदल आवडत असेल तर तांबे, पितळ आणि ब्राँझ आहेत. यांच्यावर आधी तपकिरी आणि मग, हवामानानुसार काही वर्षांनी किंवा दशकांनी, हिरवट थर येतो. हा थर धातूला राखतो, म्हणून तो घासून काढण्याचा उत्साह आवरावा. मूळ रंग टिकवायचा असेल तर वर्षातून एकदा शिल्प स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा लागतो. ॲल्युमिनियम हलके आहे, गंजत नाही आणि ओतीव कामात स्वस्त पडते. मला त्याचा फिकट राखाडी रंग झाडांमध्ये निर्जीव वाटतो, पण रंग देणार असाल तर तो आक्षेप उरत नाही.

हल्ली लोकप्रिय झालेले कोर्टेन, म्हणजे हवेत स्वतःवर गंजाचा घट्ट थर चढवून घेणारे पोलाद, याविषयी गैरसमज फार आहेत. त्यात तांबे, क्रोमियम, फॉस्फरस यांसारखी मूलद्रव्ये थोड्या प्रमाणात असतात आणि त्यांच्यामुळे वरचा गंज पापुद्र्यांनी गळून न पडता चिकटून राहतो. (दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षे टिकून आहे, त्यामागेही लोखंडातल्या फॉस्फरसचा वाटा आहे.) परंतु हा थर घट्ट होण्यासाठी पृष्ठभाग आलटून पालटून ओला आणि कोरडा व्हावा लागतो. जिथे पाने साचून सतत ओल राहते, जिथे तुषारसिंचनाचे पाणी रोज पडते किंवा जिथे हवेत मीठ आहे, तिथे हे पोलादही साध्या लोखंडासारखेच गंजत जाते. शिवाय पहिली काही वर्षे त्यावरून तांबूस पाणी ओघळते आणि फिकट फरशीवर पडलेले ते डाग निघत नाहीत. म्हणून त्याच्या पायथ्याशी फरशीऐवजी खडीचा पट्टा ठेवावा. साधे लोखंड गंजवून ‘कोर्टेनसारखे’ म्हणून विकले जाते, तेव्हा खरेदीच्या पावतीवर पोलादाचा प्रकार लिहून घेणे शहाणपणाचे.

साधे लोखंड मात्र मी बाद करत नाही. त्यावर जस्ताचा गरम लेप आणि त्यावर रंग असा दुहेरी थर दिला तर ते पुष्कळ वर्षे टिकते. नव्या जस्तावर नेहमीचा रंग धरत नाही, त्यासाठी योग्य प्रायमर आधी लावावा लागतो. हा लेप द्यायचा असेल तर कारागिराला आराखड्याच्या वेळीच सांगा: लेपाच्या भट्टीत वितळलेले जस्त सुमारे ४५० अंश सेल्सिअसला असते आणि शिल्पात चहूबाजूंनी बंद केलेला पोकळ भाग असेल, तर आतली हवा आणि ओल प्रसरण पावून तो फुटू शकतो. म्हणून अशा प्रत्येक पोकळीला भोके ठेवावी लागतात.

तरीही मी पाहिलेल्या शिल्पांपैकी जी लवकर गेली, त्यांतली बहुतेक चुकीच्या धातूमुळे गेली नाहीत. ती पायाजवळ किंवा जोडांत गेली. जमिनीलगतची बोटभर पट्टी ही कोणत्याही लोखंडी कामाची सर्वांत दुबळी जागा, कारण तिथे माती, खत, ओल आणि हवा एकत्र भेटतात. लोखंडी पाय थेट मातीत गाडू नये आणि काँक्रीटमध्ये रोवलाच तर काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता करावा, म्हणजे पायाभोवती पाणी थांबणार नाही. त्याहून चांगली रीत अशी की शिल्पाला खाली जाड पट्टीची बैठक असावी, काँक्रीटमधून स्टेनलेसचे बोल्ट वर आलेले असावेत आणि बैठक नटांवर थोडी उचलून धरलेली असावी. पाणी खालून निघून जाते आणि पुढे शिल्प काढून दुरुस्त करता येते. वाटीसारखे, ओंजळीसारखे, उमललेल्या फुलासारखे आकार असतील तर सर्वांत खालच्या बिंदूला भोक हवेच; नाहीतर तिथे गंजाबरोबर डासही वाढतात.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवताना तर विशेष सावध राहावे. ओलाव्यात त्यांचा एक छोटासा विद्युतघट तयार होतो आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू झपाट्याने झिजतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला नेमके हेच झाले: जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या कातडीला आतून लोखंडी पट्ट्यांनी धरलेले होते, दोहोंमधले विलग करणारे अस्तर काळाच्या ओघात निकामी झाले, लोखंड गंजून फुगले आणि रिव्हेट उखडू लागले. १९८६ च्या शताब्दीपूर्वी झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या बदलून बहुतांशी स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. तुमच्या बागेत याचा अर्थ एवढाच, की तांब्याच्या किंवा ब्राँझच्या कामाला साधे लोखंडी बोल्ट लावू नयेत, वेगळ्या धातूंमध्ये नायलॉन किंवा रबराचे वॉशर घालावेत आणि तांब्यावरून ओघळणारे पाणी जस्तलेपाच्या पत्र्यावर पडू देऊ नये.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. त्यामुळे रुंद पंखांच्या किंवा पानांच्या शिल्पाला त्याच्या वजनावरून वाटतो त्याहून मोठा पाया लागतो. ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांच्या, इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘एंजल ऑफ द नॉर्थ’चे उदाहरण टोकाचे आहे: ५४ मीटर रुंद पंखांच्या, सुमारे २०० टनांच्या त्या कोर्टेनच्या शिल्पाला धरण्यासाठी जमिनीत सुमारे ६०० टन काँक्रीट आहे. माणसाच्या उंचीपेक्षा मोठे काही उभारणार असाल तर पायाचा हिशेब अभियंत्याकडूनच करून घ्या. वाऱ्यावर फिरणाऱ्या शिल्पांत बेअरिंग झाकलेले आणि बदलता येण्याजोगे आहे का, हे पाहावे. हे शिल्प झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून दूर ठेवावे, कारण आज सुखद वाटणारा आवाज बेअरिंग झिजल्यावर रात्रभर कुरकुरतो.

तळ्यात मासे असतील तर पाण्यात किंवा पाण्यावर ओघळेल अशा ठिकाणी तांबे, पितळ, ब्राँझ ठेवू नका. विरघळलेले तांबे अल्प प्रमाणातही जलचरांना घातक असते. मुले खेळतात त्या जागी गडद रंगाचा धातू टाळावा, भर उन्हात तो हात भाजण्याइतका तापतो. टोके आणि कडा डोळ्यांच्या उंचीवर येणार नाहीत, हेही तेव्हाच तपासावे.

राहिले भंगारातून स्वतः बनवणे. अवश्य बनवा, आणि पहिली वस्तू नट-बोल्टांनी जोडून करा, म्हणजे वेल्डिंग न येताही रचना जमते का ते कळेल. जुनी फावडी, साखळ्या, दात्यांची चाके यांना मुळातच चांगले आकार असतात. मात्र त्यांतून प्राणी ओळखता आला पाहिजे हा हट्ट धरला की काम बहुधा बाळबोध होते. वेल्डिंग करणार असाल तर जस्ताचा लेप जोडाच्या आसपास आधी पूर्ण काढून टाका, कारण जस्ताच्या धुराने ताप येतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू किंवा जाळू नका. आणि तेलाचे, इंधनाचे किंवा कुठलेही बंद डबे, टाक्या व शॉक ॲब्सॉर्बर यांना ज्योत लावूच नका, ते बाहेरून रिकामे दिसले तरी फुटतात.