मोबाईल आणि भिंग वापरून छतावर फोटो दाखवणारा प्रोजेक्टर घरी बनवता येईल का? किती वॉटचा दिवा लागेल?

वॉटपासून सुरुवात केलीत की फसलात. माझा थोरला भाऊ वॉटवरच अडून बसला होता आणि त्यात घरातली एक जुनी स्लाइड, म्हणजे चौकटीत बसवलेला पारदर्शक फिल्मवरचा फोटो, कायमची गेली, म्हणून लिहायला बसलो.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई कित्येक दिवस उताणी पडून होती. डोळ्यांसमोर नुसतं पांढरं छत. डब्यात आई-बाबांच्या तरुणपणीच्या ३५ मिमी स्लाइड्स होत्या, त्या तिला वर दाखवायच्या ठरवलं. दादाने खोक्यात ५० वॉटचा एलईडी बसवला, पिवळ्या चौकोनी पत्र्यासारखा असतो तो. छतावर मधे उजेडाचा डाग, कडा काळ्या, आणि बाकीचा सगळा प्रकाश फटींतून खोलीभर. 'वॉट कमी पडतायत,' दादा म्हणाला. तेवढ्यात स्लाइड तापून मधोमध फुगली. ती परत सपाट झाली नाही.

वॉट कमी नव्हते. दिव्याचा उजेड पुढच्या भिंगातून, म्हणजे छतावर चित्र पाडणाऱ्या भिंगातून, जातच नव्हता. त्यासाठी कंडेन्सर लागतो: एका बाजूने सपाट अशी दोन जाड भिंगं, फुगीर बाजू एकमेकींकडे. त्याला चिकटून स्लाइड. मी ३ वॉटचा, बारीक ठिपक्याएवढा एलईडी घेतला. पुढच्या भिंगाच्या जागी कागद धरला आणि एलईडी मिलिमीटर-मिलिमीटरने मागेपुढे सरकवत राहिलो. कागदावरचा पसरट उजेड आवळत आवळत नाण्याएवढा झाला, तिथे एलईडी पक्का केला. हा ठिपका भिंगाच्या आत पूर्ण मावला पाहिजे. सगळी गंमत एवढ्यातच आहे. डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्सने १६५९ च्या सुमारास जादूचा कंदील, म्हणजे सुरुवातीचा प्रोजेक्टर, केला तेव्हा त्याच्याकडे ज्योतीचाच उजेड होता, आणि त्यावर चित्रं दिसत होती.

पुढचं भिंग १०० मिमी नाभीय अंतराचं. छत भिंगापासून २.४ मीटर, म्हणून स्लाइड भिंगापासून साधारण १०४ मिमीवर. चित्र २३ पट, म्हणजे जवळपास ५५ बाय ८३ सेंटिमीटर. झोपलेल्या माणसाला पुरेसं.

पहिला फोटो लागला तशी आई म्हणाली, "अरे, ह्यांनी घड्याळ उजव्या हातात कधी घातलं?" स्लाइड उलट्या बाजूने बसली होती. काढून पालटली. मग ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि 'पुढची लाव' असंही म्हणाली नाही.

मोबाईलचं विचारलंत. चित्र दिसतं, पण फिकं. पडद्याचा उजेड चहूकडे फाकतो, त्यातला थोडासाच भिंगात शिरतो, आणि २३ पट मोठं करायचं तर तो पाचशेपट जागेवर पसरतो. शिवाय चित्र आरशातल्यासारखं पडतं, ते आधी मोबाईलमध्येच उलटवून घ्यावं लागतं. अगदी मिट्ट काळोखात, चित्र लहान ठेवून चालेल. फक्त चांदण्या हव्या असतील तर भिंगाचीही गरज नाही. डब्याला बारीक भोकं आणि आत एकच छोटा एलईडी.

दादा अजून म्हणतो की १०० वॉट लावले असते तर जमलं असतं. कंडेन्सर नसताना १०० वॉट लावले असते तर डब्यातली एकही स्लाइड उरली नसती. तुम्हालाही कुणी वॉट वाढवायला सांगितलं तर आधी तो कागद धरून दाखवा.

हो, एलईडीला मागे ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा तुकडा) लावा, ३ वॉटलाही. खोका तिरका ठेवू नका, चित्र एका बाजूला रुंदावतं. भिंगातून थेट दिव्याकडे बघू नका. आणि काम झालं की भिंगं उन्हात ठेवू नका, आग लागते.