रिझर्व्हला लावली की गाडी का मरते? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, माझी २०१८ ची शंभर सीसीची गाडी आहे, कार्ब्युरेटरवाली. जांबोटीहून उद्यमबागला ड्युटीला जातो. उन्हाळाभर काय तक्रार नव्हती, पाऊस लागल्यापासून मेनवर मस्त पळते आणि रिझर्व्हला लावली की थोड्याच अंतरात मिसिंग सुरू, मग बंदच. मेस्त्री म्हणतोय पंपावर भेसळ आहे. कार्ब्युरेटर साफ झाला, प्लग नवा टाकला, तरी बंद पडूलीय. (एक वाचक, जांबोटी)

उत्तर : मेनवर चालते आणि रिझर्व्हला मरते, हे सांगितलंत तिथंच अर्धं काम झालं बघा. भेसळ असती तर मेनवर पण त्रास दिला असता की. पेट्रोल कॉकची, म्हणजे टाकीखालच्या नळाची, मेनची नळी टाकीत वर उभी असते आणि रिझर्व्हचं तोंड तळाला. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली जाऊन बसतं, मेनवर असेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही आणि रिझर्व्ह केलं की पहिलं तेच कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळतं तिथं, उतरतं. म्हणून कार्ब्युरेटर कितीदा पण साफ करा, टाकी तशीच असली तर पुढच्या रिझर्व्हला परत तेच.

पाणी जातं झाकणातनं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस काय सांगायचा, त्यात गाडी दिवसभर कंपनीच्या शेडबाहेर उभी. झाकणाचा रबर कडक होऊन चिरलेला असतो, आणि ज्यांचं झाकण खोलगट जागेत बसतं तिथं पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं ते चिखलानं बुजतं, मग झाकणाभोवती तळं साचतं.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे ऊस वगैरेपासनं काढलेलं अल्कोहोल, २० टक्के. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थोडंफार पोटात ठेवतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की ते पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली उतरतं. म्हणजे आत गेलं असेल अर्धा कप पाणी, तर तळाला थर त्याच्यापेक्षा जास्तच दिसणार, आणि वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात टकटक न होऊ द्यायची ताकद, घसरतो.

बघायचं कसं, तर इंजिन गार असताना, जवळपास विडी-काडी काय नको, कॉकपासनं कार्ब्युरेटरला जाणारी नळी काढून रिझर्व्हवर थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि बाटली न हलवता ठेवा. खाली वेगळा थर, मधी एक रेघ दिसली की विषय संपला. मग टाकी पूर्ण रिकामी करून वाळवायची, कॉकची वाटी आणि जाळी धुवायची, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून तिथलं पण काढून टाकायचं आणि झाकणाचा रबर नवा. रबर न बदलता बाकी सगळं केलंत तर पुढच्या पावसात परत मला पत्र लिहाल!

अजून एक, कधी मेनवरच थोडी पळून बंद पडली आणि झाकण उघडल्यावर स्स करून हवा आत गेली नि लगेच चालू झाली, तर ते पाणी नव्हे, झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. ते मोकळं करा, फुकटात काम होतं.

प्रश्न : ॲव्हरेज पासष्टवरनं पन्नासवर आलं. निपाणीत भरू की कागलला? पॉवर पेट्रोल टाकलं तर फरक पडेल काय? (निपाणीहून)

उत्तर : पेट्रोल तेच हो, निपाणी कर्नाटकात नि कागल महाराष्ट्रात, दर वेगळा दिसतो तो राज्याच्या टॅक्समुळं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं ताकद साधारण एक तृतीयांश कमी, ॲव्हरेज थोडं घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या टू-व्हीलरला तीन ते चार टक्के घट धरलीय. म्हणजे पासष्टची बासष्ट-त्रेसष्ट झाली तर ऊसवाल्यांच्या नावानं बोंब मारा, पन्नास झाली म्हणजे गाडीतच काहीतरी आहे. चाक हातानं फिरवून बघा, ब्रेक घासतोय का, चेन सुकलीय का, चोक अर्धा अडकलाय का. टायरची हवा. आणि गाळपाच्या सीझनमध्ये ऊसाच्या ट्रॅक्टरमागनं धूळ खात जाता तर एअर फिल्टर एकदा काढून बघाच, बऱ्याच जणांचा मातीनं भरलेला निघतो. पॉवर पेट्रोल नॉकिंग, म्हणजे इंजिनातली टकटक, थांबवायला असतं, शंभर सीसीला त्याची गरज नाही, ते पैसे चेन स्प्रेला घाला.

प्रश्न : चोर्ला घाट उतरताना चावी बंद करून गाडी सोडतो, पेट्रोल वाचतं ना? (खानापूर)

उत्तर : नाही वाचत. बीएस६ गाडी, म्हणजे २०२० नंतरची इंजेक्शनवाली, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ स्वतःच तोडते. कार्ब्युरेटरवाली गिअरमध्ये ठेवून चावी बंद केलीत तर इंजिन फिरतच राहतं, पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये जातं आणि चावी चालू केली की फाटकन बार. न्यूट्रलला सोडलीत तर इंजिनचा धरच गेला, सगळा भार ड्रम ब्रेकवर, आणि लायनिंग तापली की ब्रेक दाबून पण गाडी थांबत नाही. तिसऱ्या गिअरला टाका, चावी चालू ठेवा आणि निवांत गोव्यातल्या साखळी गावाला उतरा.