नागपूरजवळच्या कच्च्या रस्त्यांवर वेगाने चालवायला नव्या थारचं सस्पेन्शन कसं बदलू? २ इंच लिफ्ट किट पुरेल का?

नाही. लिफ्टने उंची मिळते, वेगाची तयारी होत नाही.

वेगात मार खातो तो शॉक अ‍ॅबसॉर्बर. खडबडीत रस्त्यावर पिस्टन सतत वरखाली होतो, आतलं तेल तापून पातळ होतं, त्याला फेस येतो आणि गाडी बोटीसारखी डुलायला लागते. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत तर गाडी निघतानाच तेल गरम असतं. म्हणून पैसे आधी तिथेच घाला: नायट्रोजन भरलेले मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक, जमलं तर वेगळ्या रिझर्व्हॉयरचे, म्हणजे तेलाची जादा टाकी असलेले. तेल जास्त, थंडावाही जास्त. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध, फार कडक ठेवू नका. चाक खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो, आणि सस्पेन्शन दर धक्क्याला आणखी दबत जातं.

स्प्रिंग गाडीच्या खऱ्या वजनाप्रमाणे निवडा. लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) लावणार असाल तर ते धरून. सस्पेन्शन पूर्ण दबलं की धक्का झेलणाऱ्या बंप स्टॉपकडे कुणी बघत नाही, पण उडी मारून आपटताना चॅसिस तोच वाचवतो. २ इंचांच्या वर गेलात तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे) कोन वाढतात, त्यांच्या सांध्यांवरची रबरी आवरणं, म्हणजे बूट, फाटतात. कामानंतर चाकांचं अलाइनमेंट कराच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, तेव्हा आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा.

आणि पांदण रस्त्यावर वेग नको हो, वळणापलीकडे बैलबंडी असते. मालकाची परवानगी असलेलं मोकळं रान शोधा.